आहुप्याच्या राईतून आलेलं लॉगिन

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. माहेर लोणीचं, सासर मंचरचं... दोन्हीकडे अंगात येणाऱ्या बायका पाहिल्यात आणि दोन्हीकडे मागे उभी राहून हसलेही आहे.

नोकरी एका सहकारी बँकेत, ऑनलाइन फसवणुकीवर नजर ठेवायची. खातं कोणत्या फोनवरून उघडलं आणि तो फोन त्या वेळी कुठे होता, एवढंच दिवसभर बघायचं. प्रत्येक फोनची स्वतःची ओळख असते, सिम बदललं तरी तीच राहते. माणूस खोटं बोलेल, फोन बोलत नाही — हे माझं ठाम मत.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारचा डबा नुकताच आवरला होता, तेवढ्यात स्क्रीनवर लाल इशारा आला. खातेदार यमुनाबाई, राहणार आहुपे. खातं एकाच मिनिटात दोन फोनवरून उघडलेलं — एक फोन घोडेगावच्या बाजारात, दुसरा आहुप्याच्या देवराईत. मधे दीड-दोन तासांचा रस्ता! सिस्टीमने खातं तिथल्या तिथे गोठवलं होतं.

मी फोन लावला. दोनदा एंगेज, तिसऱ्यांदा लागला. बाई बाजारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, बँकेचे साहेब फोनवरून केवायसी करून देतायत, त्यांनी एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, आधी फोन बंद करा आणि समोरच्या दुकानातून मला लावा.

चोर लांब कुठेतरी बसून त्या अ‍ॅपमधून बाईंचाच फोन चालवत होता. फोन ओळखीचा, जागा ओळखीची... आमच्या सिस्टीमला त्यात काहीच वावगं दिसलं नसतं. हिरडा गोळा करून, विकून साठवलेला पैसा तो. दुसऱ्या दिवशी मुलीच्या, रेखाच्या, नर्सिंगची फी भरायची होती. वाचवलं ते त्या दुसऱ्या फोनने.

मी विचारलं, राईत कोण आहे? बाई म्हणाल्या,

"तो माझा जुना फोन, ताई. दोन पावसाळं झालं, राईत पडला. मीच उचलून देवापुढच्या दगडावर ठिवला. राईत पडलं ते देवाचं. आमी वाळकी काडी बी भायेर आणीत न्हाई."

गाव त्यांना लई हसलं होतं म्हणे. मीही हसले असते.

रविवारी नवऱ्याला घेऊन आहुपे गाठलं. राईत माझ्या फोनला एक काडी रेंज नाही. दगडावर तो फोन होता. बॅटरी फुगलेली, काचेखाली पाणी, पाठीवर शेवाळ. मागचं झाकण काढून आतल्या स्टिकरवरचा नंबर आमच्या नोंदीशी ताडून पाहिला, एकेक आकडा. तोच!

ऑफिसातल्या इंजिनियरने आधीच बजावलं होतं, फोन घेऊन या, उघडून बघू, काय ते उत्तर मिळेल. मी पर्सची चेन उघडली. यमुनाबाई रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या,

"ज्यानं आपलं राखलं, ताई, त्याच्याच म्होरचं उचलून न्यायचं व्हय?"

मी फोन जागेवर ठेवला. आणि नमस्कार केला... आयुष्यात पहिल्यांदा मनापासून. कुणाला केला ते विचारू नका. फार बरं वाटलं, एवढं खरं.

इंजिनियर अजून चिडवतो — हातातलं उत्तर सोडून आलात राव! त्याच्या मते सिस्टीमची चूक असावी. असेल. पण चुकायला तिला नेमका तोच फोन आणि तेच मिनिट कसं सापडलं?

रेखा आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा मंचरच्या दवाखान्यात तिची ड्युटी होती. माझ्या सासूबाईंचं बीपी तिनेच घेतलं.