कुंकवाच्या आधी आलेली मेल

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पुरं नाही. तरी नांदेड-लातूरकडच्या आमच्या समाजाची सोयरिकीची मेलची यादी माझ्या नावावर आहे, आणि तिथं माझ्या नावापुढं 'मालक' असं लिहिलेलं आहे. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं घरी येऊन बघावं.

सारा जन्म मी मधला माणूस म्हणून सोयरिकी जुळवल्या. एसटीनं निलंग्याहून निघायचं ते पार माहूरपर्यंत, खिशात पोरापोरींचे फोटो. गुडघे गेले तसा नांदेडला मुलाकडं येऊन राहिलो. सून शाळेत शिकवते, तिनं ही यादी करून दिली. त्याआधी फोनवरचा गट होता. सकाळ झाली की फुलं, देव, सुविचार, आणि त्या ढिगाखाली कुणाच्या तरी पोरीचा फोटो गाडला गेलेला. पोरींचे नंबर सगळ्यांना दिसायचे, नको ती माणसं फोन करायची. यादीत तसं नाही. आलेली मेल आधी माझ्यापाशी थांबते. मी वाचून 'मंजूर' दाबलं तरच ती घरोघर जाते.

सून म्हणाली होती, "रोजचं काम आहे, कंटाळाल." कंटाळलो नाही. किळस आली.

समोर बसून, चहाची बशी हातात असताना जे बोलायला जीभ उचलत नाही, ते शिकलेली माणसं बोटांनी सुखात लिहितात. 'मुलगी गोरीच हवी.' 'भाऊ नसलेली असल्यास प्राधान्य.' का, तर सासऱ्याचं शेत वाटलं जाऊ नये. एका इंजिनियरानं लिहिलं, 'मुलीची आई हयात असावी, नाहीतर बाळंतपणाचा भार आमच्यावर येईल.' मी ती परत धाडली आणि खाली लिहिलं, 'आधी माणसासारखं लिहा.' त्यावर त्याचं उत्तर आलं, 'आपणास टेक्निकल बाबींची माहिती दिसत नाही.' मेलेल्या आईत टेक्निकल काय असतं, ते त्यालाच ठाऊक.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्यात पोरीला कुंकू लावायच्या, म्हणजे सोयरिक पक्की करायच्या, आधी एक दस्तूर आहे. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसली की मधला माणूस उभा राहतो आणि विचारतो, "कुणाच्या पोटात काही असंल तर आत्ता बोला. कुंकू लागल्यावर ऐकून घेतलं जाणार न्हाई." मग कधी कुणी बोलतं, भांडण होतं, सोयरिक मोडतेही. पण जे मोडतं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडतं. कुंकू लागल्यावर मोडलं तर त्याचा बट्टा पोरीला लागतो, पोराला नाही.

भोकरच्या एका मास्तरांची मुलगी, नांदेडला दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. मुलगा लातूरचा, पुण्यात नोकरी. बघणं झालं, पसंती झाली, कुंकवाचा दिवस धरला. त्याच आठवड्यात एक मेल माझ्यापाशी येऊन थांबली. लिहिणारे मुलाचे काका, लातूरला कॉलेजात प्राध्यापक. लिहिली होती त्यांनी भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना. पण पोरीचा बायोडाटा यादीवरून गेलेला. सरांनी तो उघडला आणि भावाकडं धाडायच्या ऐवजी तिथंच उत्तर दाबून मोकळे झाले. ते उत्तर सगळ्या यादीला जाणार होतं, फक्त माझ्या मंजुरीची खोटी.

आत लिहिलं होतं : 'मुलीच्या पायावर पांढरा डाग आहे असं हिच्या कानावर आलं आहे. सध्या बोलू नकोस. कुंकू लावून घेऊ. निलंग्याचं गाडी देणारं स्थळ पक्कं झालं तर डागाचं कारण काढून हे मोडता येईल. ते नाही जमलं तर हाच डाग दाखवून मास्तरांकडून गाडी काढू. मधला म्हातारा अडाणी आहे, त्याला काही समजत नाही.'

मला अडाणी म्हणल्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण तोंडात अळी आल्यासारखं झालं ते वरच्या ओळींनी. चहा होता तसाच ठेवून मी परसात जाऊन थुंकून आलो.

तेवढ्यात सरांचाच फोन.

"मामा, एक मेल चुकून तुमच्याकडं आली असंल. तेवढी डिलीट करून टाका."

"वाचली मी."

सर हसले. "अहो, भावाभावांचं घरातलं बोलणं ते."

"मग घरात बोलायचं. माझ्या सतरंजीवर येऊन काऊन बोलून राहिले?"

"कुंकू तोंडावर आलंय, मामा. तुम्हीच जुळवलेली सोयरिक मोडंल."

"सर, त्या दिवशी मी उभा राहून विचारणार. तवा डागाचं आन् निलंग्याचं, दोन्ही बोला. बोललात की तिथल्या तिथं मेल पुसून टाकतो."

"आणि न्हाई बोललो तर?"

"तर मी बोलतो. अडाणी हाय, मुका न्हाई."

कुंकवाच्या दिवशी भोकरला मास्तरांच्या दारात मांडव, स्वयंपाक तयार, आणि लातूरहून गाडीच आली नाही. आला तो फोन : मधला माणूस बरोबर नाही, आमची बदनामी करतो, आम्हाला हे स्थळ करायचं नाही.

मास्तरांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, माणूस हात धरील. ते म्हणाले, "डागाचं मला ठावं हाय की, मामा. गाडीचं बी बघितलं असतं कसंतरी. तुम्ही गप बसायचं होतं."

प्राध्यापकाची किळस आली होती. बापाची जास्त आली. जेवण न करता मिळेल त्या एसटीनं परत आलो.

मग यादीवर माझी धुलाई सुरू झाली. 'म्हाताऱ्यानं चांगलं स्थळ मोडलं.' 'मालक बदला.' 'सुशिक्षित माणसाकडं कारभार द्या.' ह्या मेल आधी मलाच वाचाव्या लागायच्या, आणि मीच त्या मंजूर करत होतो. आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याचं तोंड दाबायची रीत माझ्या बैठकीत नाही. सरांची मेल एकदा मंजूर केली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण तिच्यात पोरीचा पाय होता. म्हणून शिव्या खाऊन राहिलो.

एका दुपारी ती पोरगीच घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आजोबा, तुम्ही मोडलं म्हणतात."

"हाव."

"काऊन?"

मी मेल उघडून खुर्ची तिच्याकडं सरकवली. तिनं वाचली. रडेल असं वाटलं होतं, तर ती पायातला मोजा काढायला लागली. घोट्याजवळ रुपयाएवढा पांढरा ठिपका.

"हे बघा. एवढंच हाय. पोराला मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मला चालतं, म्हणला."

"मग आता कुठं हाय तो?"

"फोन उचलत न्हाई." तिनं मोजा परत चढवला. "यादीवर सोडा ही मेल, आजोबा."

"समद्यांना दिसंल, बाई."

"दिसू द्या की. मी पाय कापून ठेवू का? घरी अप्पाला मी सांगते. तुम्ही दाबता का मी दाबू?"

"मालक मी हाय," मी म्हणलं, आणि दाबलं.

दोन दिवस यादीत शुकशुकाट. मला वाटलं, लाजले असतील. मग पहिलं उत्तर आलं, नांदेडच्या एका निवृत्त साहेबांचं : 'निलंग्याचं स्थळ कोणाचं? आमच्या चिरंजीवांसाठीही पाहता येईल. बायोडाटा पाठवावा.' पोरीविषयी एक अक्षर नाही. ती मेल मी अडवून ठेवली आहे आणि अडवूनच ठेवणार.

त्यानंतर प्राध्यापकांची आली, मला एकट्याला. 'माझे नाव यादीतून त्वरित वगळावे.' ते मला एका बोटानं करता येतं. मी उत्तर लिहिलं, 'सर, उठून जायचं तर सगळ्यांसमोर उठा. हेच यादीवर लिहा, लगेच मंजूर करतो.'

अजून लिहिलेलं नाही. बसलेत यादीतच, अंग चोरून.