मॅन्युअल मामा

इनामदार सर लिफ्टमध्येसुद्धा पायऱ्यांनी बोलायचे. एखादा नवखा माणूस आत शिरून बटणांकडे बघत उभा राहिला, की ते मागून हळूच सांगायचे, "पायरी एक, मजला ठरवा. पायरी दोन, बटण एकदाच दाबा. पायरी तीन, स्वल्प थांबा." तो माणूस हसतोय की चिडलाय, इकडे त्यांचं लक्ष नसे. तो आपल्या मजल्यावर नीट उतरला, की स्वतःशीच कन्नडमध्ये म्हणायचे, "सरी." म्हणजे ठीक.

मारतहळ्ळीच्या आमच्या कंपनीत ते मॅन्युअल लिहायचे. आम्ही बनवलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकानं कसं वापरायचं, याची सोपी पुस्तकं. बावीस वर्षं तेच काम. त्यांचे वडील इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि घर बनशंकरीतच रुजलं. त्यामुळे सरांचं मराठी आमच्यासारखं पुणेरी नव्हतं. त्यात कन्नड इतकं मुरलेलं होतं, की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईमाणूस दिसली की अक्का, पुरुष दिसला की अण्णा. मी त्यांच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान, तरी मीही अक्काच. "केतकी अक्का, ऊटा आयता? जेवलीस का गं?" दुपारी एक वाजता माझ्या टेबलाशी हे विचारल्याशिवाय ते स्वतःचा डबा उघडत नसत. पुण्याहून आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मला हे विचारणारा माणूस तो एकच होता.

मी त्या माणसाचं काय केलं, ते सांगते.

मी ऑफिसात स्क्रीनची डिझाइनं करते आणि टोपणनावानं इंटरनेटवर चित्रकथा काढते. चार चौकटी, थोडे शब्द. फोनवर अंगठा सरकवताना माणूस एका चित्राला दोन सेकंद देतो. तेवढ्यात त्याला हसू आलं पाहिजे. म्हणून मी माणसातलं एकच काहीतरी उचलते आणि बाकीचा माणूस टाकून देते. हे टाकून देणं मला फार चांगलं जमतं. इनामदार सरांमधलं मी काय उचललं, तर बेंबीच्या वर बांधलेली पँट, खिशातली दोन पेनं, दिव्यासमोर लाल दिसणारे कान आणि पायऱ्या. पहिल्याच आठवड्यातल्या मीटिंगमध्ये पाच रेघांत ते कागदावर उभे राहिले. शेजारी बसलेल्या नागपूरच्या निखिलनं वाकून पाहिलं आणि हसू दाबायला तोंडावर हात धरला. त्याच रात्री 'मॅन्युअल मामा' जन्माला आला.

मामा दाराला ढकलायचं की ओढायचं हे दाराला विचारायचा. मामा बायकोला मिठी मारण्याच्या सहा पायऱ्या सांगायचा आणि चौथ्या पायरीला ती झोपून जायची. लोकांना हा मामा भलताच आवडला. आमच्या ऑफिसात असाच एक आहे, माझे बाबा असेच, असं जो तो लिहायला लागला. दुसऱ्याच्या बापाला हसता येतं आणि आपलं प्रेमही दिसतं, म्हणून ही जात नेटवर चालते. मामाची स्टिकरं निघाली, आमच्याच ऑफिसच्या ग्रुपवर फिरू लागली. मामा म्हणजे कोण हे सगळ्यांना कळत होतं, पण काढणारी मी आहे हे फक्त निखिलला ठाऊक होतं.

आणि सर? सरांना मामा फार आवडायचा! "अक्का, हे बघ, हा मामा अगदी आपल्यासारखा हो," असं म्हणत ते फोन माझ्यापुढे धरायचे आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. एकदा गंभीर होऊन म्हणाले, "फक्त तिसऱ्या चौकटीत चूक आहे. वाफ जायच्या आधी कुकरची शिट्टी उचलायची नसते. कुणी बघून तसं केलं तर? त्या चित्रकाराला कळवायला पाहिजे." आणि त्यांनी खरंच कळवलं. माझ्या खात्यावर त्यांचा लांबलचक, पायऱ्यांचा निरोप आला. मी तो निखिलला वाचून दाखवला. आम्ही कॅन्टीनमध्ये पोट धरून हसलो. मग मी त्या निरोपाचीच पुढची चित्रकथा केली.

वर्षभरानं लोक मामाला कंटाळले. आता काहीतरी नवीन पाहिजे, असं कुणीकुणी लिहू लागलं. नेमकं त्याच सुमारास सरांनी मला रविवारी जेवायला बोलावलं.

बनशंकरीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. सरांच्या पत्नी शैलाकाकूंनी दार उघडलं आणि त्यांच्या पाठीमागून एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी दोन्ही हात पसरून माझ्याकडे धावली. "ही आमची मुग्धा," सर म्हणाले. "तिला वेळ लागतो. पण एकदा शिकली की विसरत नाही." स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीनं कागद चिकटवलेले होते. त्यावर पेनानं काढलेले वेडेवाकडे हात. भांडं धरणारा हात, गॅसची कळ फिरवणारा हात, दूध ओतणारा हात. प्रत्येकाखाली आकडा. "मला चित्र येत नाही अक्का, तू हसशील," सर म्हणाले, "पण तिला समजतं."

मुग्धानं प्रत्येक कागदावर बोट ठेवत कॉफी केली. बराच वेळ लागला. पेला माझ्या हातात दिला आणि ती ओरडली, "आयतु!" कन्नडमधलं 'झालं'. मग बोटं फाकवून, कोपर उडवत तिनं स्वतःसाठीच तीन टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या, काकूंनी वाजवल्या, मग मीही वाजवल्या. "या टाळ्या शिकवायला दोन वर्षं लागली," काकू म्हणाल्या. "आधी काही जमलं तरी रडायची. जमलंय हेच तिला कळायचं नाही."

जेवण झाल्यावर मुग्धानं हट्ट धरला, म्हणून मी तिचं चित्र काढून दिलं. टाळ्या वाजवणारी मुग्धा. तिनं ते फ्रिजवर लावलं. मी निघाले तेव्हा तिनं माझं नाव तीनदा पाठ म्हणून दाखवलं.

परतीच्या बसमध्ये मी वही उघडली. मला दया आली नव्हती का? आली होती. पण हातही थांबत नव्हता. बारा दिवसांनी मामाच्या घरी एक रोबो आला. मामा त्याला पायऱ्यापायऱ्यांनी कॉफी करायला शिकवायचा, रोबो साखरेच्या जागी साबणाचा चुरा घालायचा, पेला मामाच्या डोक्यावर ओतायचा आणि बोटं फाकवून ओरडायचा, "आयतु!" मग टाळ्या. मुलगी काढलेली नाही, पत्र्याचा रोबो काढलाय, असं मी स्वतःला सांगितलं. निखिलला विचारलं, "बरं आहे ना?" तो म्हणाला, "बरं? अगं, जबरदस्त आहे!"

माझं कुठलंच चित्र त्याच्याइतकं फिरलं नाही. आवाजासकट त्याचं स्टिकर झालं. काम संपलं की लोक ते पाठवायचे. मारतहळ्ळीच्या रिक्षात, देवनहळ्ळीला विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये, कुणाच्या ना कुणाच्या फोनमधून माझा रोबो टाळ्या वाजवायचा. मी खिडकीकडे तोंड करून हसायचे.

ते हसू महिनाभर टिकलं.

एका सोमवारी सर एक वाजता माझ्या टेबलाशी आले. जेवलीस का, विचारलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि फ्रिजवरचा तो कागद माझ्यासमोर ठेवला. शेजारी फोन ठेवला, त्यावर रोबो. दोघांचे हात सारखे होते. फाकलेली दहा बोटं, उडालेलं कोपर, करंगळीचा बाक. रेघ न् रेघ माझी.

"आमच्या इमारतीतली मुलं," ते म्हणाले, "रोज संध्याकाळी मुग्धाला खाली बोलवतात. दगड उचल म्हणतात, उचलला की आयतु म्हण म्हणतात. ती म्हणते, टाळ्या वाजवते. ती मुलं फोनवर तिचा व्हिडिओ घेतात. तिला वाटतं, आपले मित्र झाले. काल मी खाली गेलो, तेव्हा तिनं मला त्यांची नावं सांगितली. एकेकाचं." मग म्हणाले, "हे तुम्ही काढलंत?"

तोपर्यंत मला त्यांनी कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"कोणतं?" मी म्हटलं.

त्यांनी फोनवर बोट ठेवलं.

"नाही हो सर. अशी चित्रं हल्ली पुष्कळजण काढतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे, एखादी चुकीची सूचना छापली गेली की ती पुन्हा वाचावी तसं. मग "सरी" म्हणून उठले. कागद टेबलावरच राहिला. मी तो दोनदा दुमडून ड्रॉवरमध्ये टाकला.

दोन महिन्यांनी कंपनीनं मॅन्युअल लिहिणारा विभागच बंद केला. आता ते काम यंत्र करतं. निरोपाच्या कार्यक्रमात मॅनेजर मोठ्या उत्साहानं म्हणाला, "सर, तुमच्यासाठी खास भेट!" खोक्यातून कॉफीचा मग निघाला. त्यावर एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला रोबो. कल्पना निखिलची. मुग्धा कोण हे त्याला माहीत नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "सर, एकदा आयतु म्हणा ना!" खोलीभर तेच सुरू झालं. आयतु, आयतु. सरांनी तो मग दोन्ही हातांनी धरला, रोबोची बाजू स्वतःच्या छातीकडे वळवली आणि फोटोसाठी उभे राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवणारी मी एकटीच उठून दिसले असते.

मी ते खातं बंद केलं, पण त्यानं काय होतं? स्टिकरं फिरतच होती. पावसाळा गेल्यावर एका रविवारी मी बनशंकरीला गेले. जिन्यातच पाठ केलेलं वाक्य म्हणत होते.

दार मुग्धानं उघडलं. "केतकी!" म्हणून ती ओरडली आणि मला हाताला धरून आत घेऊन गेली. न सांगता तिनं कॉफी केली. आता कागदांवर बोट ठेवावं लागत नव्हतं. पेला माझ्या हातात दिला, तिचा चेहरा उजळला, हात वर आले. आणि तिनं वडिलांकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवून उभी राहिली.

"आता वाजवत नाही," सर म्हणाले. "हे शिकायला तिला दोन महिने पुरले."

काकू आत निघून गेल्या. मी म्हटलं, "सर, ते मीच काढलं होतं."

"माहीत आहे."

"मी सगळं काढून टाकलंय."

"तुमच्याकडचं काढलंत." ते शांतपणे म्हणाले. "चित्र चांगलं होतं हो. तेच तर. वाईट काढलं असतंत, तर तिला कुणी ओळखलं नसतं."

माझ्या चित्राला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. मी कॉफी संपवली. उत्तम झाली होती, पण तसं म्हणायचं धाडस झालं नाही.

सर मला सोडायला फाटकापर्यंत आले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "पुन्हा येऊ नका. तिला तुम्ही आवडता. आता चार दिवस विचारत राहील. ती विचारायची थांबली, की आम्हाला बरं पडतं."

मी मान हलवली आणि चालू लागले. वरच्या बाल्कनीतून मुग्धा माझं नाव घेऊन हाका मारत होती. रस्ता वळेपर्यंत मारत होती. मी मागे पाहिलं नाही.