पांढऱ्या पाठींवर घडलेली नजर

तिला सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिलाही त्यात वावगं वाटत नसे. चष्मा नव्हता, डोळेही काही टपोरे नव्हते. पण कातडीवरचा लालपणा तिला जितका नेमका दिसे तितका त्या अख्ख्या इमारतीत कुणाला दिसत नसे. हा काय गुण झाला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. फरशी पुसायचं द्रावण असो, केस रंगवायचं मिश्रण असो नाहीतर शेतावर फवारायचं औषध, ते बाजारात जायच्या आधी कुणीतरी सांगावं लागतं की हे अंगावर सांडलं तर नुसती खाज सुटेल की कातडी जळून जाईल. ते सांगणाऱ्यांपैकी ती एक होती. सांगणं तिचं आणि सोसणं सशांचं.

पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे ससे. आदल्या दिवशी त्यांच्या पाठीवरचे केस मशीननं काढायचे, त्या उघड्या चौकोनावर रसायन लावलेली कापडाची घडी चिकटवायची, काही तासांनी ती काढून पाठ धुवायची आणि मग दिव्याखाली पाहत बसायचं. त्या दिवशी पाहायचं, दुसऱ्या दिवशी पाहायचं, तिसऱ्या दिवशी पाहायचं. लाली नसली तर शून्य, पार बीटासारखी झाली तर चार. मधल्या आकड्यांवरून माणसं हमरीतुमरीवर येत. मग भिंगाला बोलावणं जाई. ती हात पाठीमागे बांधून वाके, बघे, आकडा सांगे आणि भांडण मिटे.

हात पाठीमागे बांधायला तिला जिनं काम शिकवलं त्या म्हाताऱ्या बाईनं सांगितलं होतं. बघून झाल्याशिवाय बोट लावायचं नाही. बोट लागलं की कातडी लाल होते आणि मग ती लाली औषधाची की बोटाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. भिंगानं हे मनावर इतकं घेतलं की बाजारात टोमॅटोसुद्धा ती आधी डोळ्यांनी निवडायची आणि भाजीवाली तिला हसायची.

सशांचं वाईट वाटत नव्हतं का? वाटत होतं. सुरुवातीला घरी आल्यावर तिला घास जात नसे. मग जाऊ लागला. माणूस कशालाही सरावतो. यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

घरात ती आणि तिचे बाबा. आई लवकर गेली. लग्नाचं दोनदा जुळता जुळता राहिलं, मग तिनंच तो विषय बंद करून टाकला. धाकटा भाऊ लग्न करून चार गल्ल्या पलीकडे राहायला गेला होता. बाबा गवंडी, फरशी बसवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, असं ते स्वतःच सांगत आणि गोटी खिशात घेऊनच सांगत. पण त्याहून मोठा अभिमान पोरीचा. अंगावर पुरळ येवो, डास चावो, नखाशी कातडं सोलवटो, बाबा खिडकीपाशी खुर्ची ओढत, हात पुढे करत आणि म्हणत, बघ गं. ती बघे. काही नाही म्हटलं की विषय संपला. डॉक्टरचं मात्र ते एक ऐकत नसत. साखरेचा आजार जडून पायांना बधिरपणा आला होता, चालता चालता चप्पल निसटली तरी कळत नसे, तरी गोळी गिळायची ती मुलगी पुढ्यात उभी राहिली तरच.

धाकट्यानं आपल्या घरामागे दोन खोल्या काढल्या तेव्हा फरशीच्या कामावर दुसऱ्या कुणाला बोलवायचं त्याच्या मनात होतं. बाबांनी घर डोक्यावर घेतलं. परक्याच्या हातची फरशी माझ्या नातवंडांनी तुडवायची काय, म्हणाले. काम सोडून बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते. पण गडी हटून बसला. दिवसभर ओल्या सिमेंटात गुडघे टेकून राबला. विजार भिजून चिंब झाली, वाळली, पुन्हा भिजली. संध्याकाळी धाकट्यानं ते पाहिलं आणि पाय धुवा आणि सरळ दवाखान्यात चला म्हणाला. ओल्या सिमेंटानं कातडी भाजते बाबा, तो म्हणत राहिला. बाबांनी त्याला उडवून लावलं. घरात भिंग असताना दवाखाना कशाला?

ते घरी आले, खिडकीपाशी बसले, विजार वर सारली. उजेड कमी होता म्हणून तिनं टेबलावरचा दिवा खाली धरला. गुडघे राखट दिसत होते, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे सुरकुतलेले. ती वाकली, एक हात पाठीमागे. लाली नाही. सूज नाही. आग होतेय का, तिनं विचारलं. बाबा हसले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, मला तर काहीच कळत नाही, म्हणजे जळलंच नाही. दोघंही त्यावर हसले. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. काही नाही रे, ती म्हणाली, दवाखाना-बिवाखाना काही नको, उगाच जीव खाऊ नकोस. तो तरी घोडं पुढे दामटत होता तेव्हा तिनं त्याला चांगलाच झापला. रोज हेच करते मी, मला शिकवू नकोस. त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पाहिलं. लाली नव्हतीच. गुडघ्यांचा राखट रंग तेवढा गडद झाला होता. पण बाबांच्या अंगावरून सिमेंट आयुष्यात कधी पुरतं निघालं होतं? तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विजार उजव्या गुडघ्याला चिकटून बसली होती आणि खोलीत वास येत होता. तेव्हा तिनं पहिल्यांदा बोट लावलं. कातडी जोड्याच्या तळासारखी कडक लागली. तिनं तशीच रिक्षा बोलावली.

दवाखान्यातली डॉक्टर वयानं लहान होती. तिनं दिवाबिवा काही घेतला नाही. अंगठ्यानं दाबून पाहिलं, कडेनं चाचपत गेली आणि विचारलं की पहिल्या दिवशी कुणी बघितलंच नाही का.

“मी पाहिलं,” भिंग म्हणाली. “लाल नव्हतं.”

“या रंगावर लाल उठत नाही हो ताई,” डॉक्टर म्हणाली. “हाताला कळतं ते.”

आणि ती दुसऱ्या रोग्याकडे वळली. तिनं काही टोमणा मारला नव्हता. भिंगानं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तोच सावळा रंग, बाबांचाच. सगळं आयुष्य तिनं कातडी पाहण्यात घालवलं होतं आणि ज्या कातडीत ती जन्मली ती पाहायला तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं, तिनंही कधी विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आणले असते, भरपूर पाण्यानं धुऊन औषध केलं असतं, तर पाय राहिला असता बहुतेक, असं नंतर मोठ्या डॉक्टरनं सांगितलं. साखरेनं घात केला, विष आतवर गेलं. डावा गुडघा कसाबसा वाचला. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

बाबा शुद्धीवर आले ते धाकट्याला शिव्या देतच. कुठलं तरी सडकं, भेसळीचं सिमेंट स्वस्तात आणलं असणार, त्याच्या फरशीनं माझा पाय खाल्ला. पोरीनं त्या दिवशी पाहिलं तेव्हा काही नव्हतं, असं ते शेजारच्या खाटेवरच्याला सांगत, परिचारिकेला सांगत, झाडणाऱ्या बाईला सांगत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. धाकटा डबा घेऊन येई, बाबा भिंतीकडे तोंड फिरवत, तो डबा ठेवून परत जाई. ताईनंच नको म्हटलं होतं, एवढं एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही. एकदा जिन्यात तिनं त्याला गाठलं आणि मी सांगते म्हणाली, तर त्यानं मान हलवली.

“जाऊ दे ताई. तुझ्यावरचा भरवसा गेला तर त्यांच्याकडे राहिलं काय? माझं मी बघतो.”

बाबा घरी आले. ती कामावर परत जाऊ लागली. पहिल्याच दिवशी एका पाठीवर गुलाबाच्या पाकळीएवढी लाली उमटली होती, लांबून दिसावी अशी. तिनं साहेबांना विचारलं, आपण पांढरेच ससे का घेतो? लाल उठून दिसावं म्हणून, साहेब म्हणाले, आणि ही असं का विचारतेय म्हणून तिच्याकडे बघत राहिले. हे तर तिला ठाऊकच होतं. नव्या मुलींना तिनंच ते कितीदा शिकवलं होतं.

रोज संध्याकाळी बाबांच्या जखमेची पट्टी तीच बदलायची. कोमट पाणी, स्वच्छ कापड, मलम. बाबा पाय उघडा करून निवांत पडायचे, बघ गं म्हणायचे आणि धाकट्याच्या नावानं बोटं मोडायचे. ती मूग गिळून बसायची. बाप सुखात आहे आणि भावाचं वाटोळं होतंय, कुणाकडे बघावं? अशाच एका संध्याकाळी बाबा म्हणाले, मी मेलो तरी त्याला कळवायचं नाही. तिनं हातातलं कापड खाली ठेवलं.

“बाबा, त्या संध्याकाळीच जळलं होतं,” ती म्हणाली. “मी पाहिलं आणि मला दिसलं नाही. तो दवाखान्यात चला म्हणत होता. मी नको म्हटलं.”

“पण लाल नव्हतं ना?”

“आपल्या कातडीवर दिसत नाही ते. मला ठाऊक असायला हवं होतं.”

बाबांनी डाव्या गुडघ्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, धाकट्याला हे ठाऊक होतं का? ती हो म्हणाली. आणि तो कुणाला बोलला नाही? नाही म्हणाली. तेव्हा तो म्हातारा रडायला लागला. पाय गेला तेव्हा रडला नव्हता. त्याला बोलाव, आत्ताच्या आत्ता बोलाव, एवढंच तो म्हणत राहिला.

धाकटा बायकोपोरांसकट धावत आला. बापलेक गळ्यात पडून रडले, नातवंडं खाटेवर चढली, शेजारी डोकावून गेले आणि घर पुन्हा एक झालं. तिलाही मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्या दिवशी तिला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

दुसऱ्या संध्याकाळी ती कोमट पाण्याचं भांडं आणि पट्टी घेऊन खोलीत गेली. बाबांनी चादर पायावर ओढून घेतली.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “तू दमून आलीस. तो येईल इतक्यात, तो बघेल.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरी आलेल्या पाहुणीला तसदी नको म्हणून सांगावं तसे ते बोलले. ती भांडं हातात धरून जरा वेळ थांबली, मी बघते ना म्हणाली. बाबांनी चादरीची कड मुठीत धरून ठेवली होती. शेवटी भांडं खाटेपाशी ठेवून ती बाहेर आली. धाकटा यायला उशीर झाला आणि पाणी निवलं. तो आला, आत गेला, आणि दार लोटता लोटता त्यानं ते भांडं तिच्याकडे दिलं, ताई, एवढं तापवून देतेस का म्हणाला. तिनं पाणी तापवलं आणि बंद दारावर टकटक केली.