इगाराशींचा राजीनामा

तेत्सुरो इगाराशी अठराव्या वर्षी डबाबंद मासळीच्या कारखान्यात लागला, तो फुटबॉलसाठीच. सकाळी बांगडे खोक्यांत भरायचे, दुपारनंतर कारखान्याच्या संघात बचाव सांभाळायचा. सोळा वर्षांत त्याने तीन गोल केले. त्यातला एक आपल्याच जाळ्यात. मग गुडघ्याने दगा दिला. पुढे लहान मुलांना शिकव, प्रशिक्षकाच्या परीक्षा दे, दुसऱ्याच्या हाताखाली राब, असं करत करत एकोणपन्नासाव्या वर्षी तो त्याच संघाचा मॅनेजर झाला. गावाने हार घातले नाहीत, पण वाकून नमस्कार केले.

त्या हंगामात सलग अकरा सामने जिंकता आले नाहीत. इगाराशींना जेवण गोड लागेना. बायको फुसाए म्हणायची, "अहो, निदान ते मिसो सूप तरी गरम असताना प्या."

शेवटचा सामना उरला. जिंकला तरच तिसऱ्या विभागात टिकाव. गोलरक्षक मादारामे अडतीस वर्षांचा. इगाराशींचे खेळायचे दिवस संपत आले होते, तेव्हा हा पोरगेला संघात आला होता. आता त्याची पाठ वाकत नव्हती. सामन्याच्या आदल्या सकाळी इगाराशींनी त्याला मैदानाच्या कडेला बोलावलं.

"उद्या तू बाहेर बस."

मादारामे हातमोज्याची पट्टी उगाच लावत-सोडत राहिला. "पाठीमुळे?"

"पाठीमुळेच."

"बरं. कोच, पण तुम्ही माझ्याकडे बघून सांगा ना."

इगाराशींनी मान वर केली. बघितलं. पुन्हा तेच सांगितलं.

नवा गोलरक्षक जिवाच्या आकांताने खेळला. त्याच्यामागे जाळं कोरडंच राहिलं, पण पुढच्यांना गोल काही करता आला नाही. शून्य-शून्य. संघ खाली घसरला. प्रेक्षकांपुढे रांगेत उभं राहून इगाराशी कमरेत वाकले, ते कितीतरी वेळ वर आलेच नाहीत. नूडल्सचं दुकान चालवणाऱ्या ओबाता मावशी कठड्यावरून ओरडल्या, "पुरे झालं वाकणं! घरी जा आणि झोप. वर्षभर झोपला नाहीस, थोबाडावर दिसतंय!"

कोणीतरी हसलं. इगाराशींना त्या हसण्यानेही बरंच वाटलं.

सोमवारी ते राजीनामा घेऊन अध्यक्षांकडे गेले. कागद लिहिताना त्यांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं होतं. अध्यक्षांनी तो वाचला आणि घडी घालून परत त्यांच्यापुढे सरकवला.

"इगाराशी, तुम्ही गेलात तर खालच्या विभागात यायला कोण तयार होणार आहे?"

"मी थकलोय, साहेब."

"माहीत आहे. आम्हीही थकलोय."

इगाराशी कागद खिशात घालून निघाले आणि घरी न जाता थेट मादारामेच्या दारी गेले. तो पाठीला शेकाची पट्टी बांधून ओसरीत पडला होता. उठायची धडपड करू लागला.

"पडून राहा. एप्रिलपासून गोलरक्षकांना शिकवशील?"

मादारामे छताकडे बघत म्हणाला, "मला बाहेर बसवलंत आणि आता बोलावता?"

"एकट्याने होत नाही रे."

मादारामेने पाठीची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "तो नवा पोरगा डावीकडे उडी उशिरा घेतो. तुमच्या लक्षात आलं का?"

"नाही."

"मग यावंच लागेल मला."

इगाराशी पायरीवर बसले. दुखरा गुडघा त्यांनी लांब सोडला आणि डोळे मिटले.