पैनगंगेकाठचा दगड

वाशीमच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, रंगांची पेटी, कागदांची गुंडाळी आणि भलताच उत्साह होता. मी नाशिकच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो. वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांच्यामधले हद्दीचे दगड रंगवून आणायचे, असा नाताळच्या सुट्टीतला बेत होता. वाशीमच्या मेहुण्यांनी दोन दिवस समजावलं की दगड नाशिकलाही आहेत. शेवटी त्यांनीच रिसोडच्या मोटारीत बसवून दिलं.

रिसोडहून रहिमानभाईंची दमणी (माणसांची हलकी बैलगाडी) ठरवली. रस्त्यानं दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती. काळ्या मातीची ढेकळं चाकाखाली आली की माझे दात एकमेकांवर आपटत.

"मास्तर, जीभ आत ठेवा," रहिमानभाई म्हणाले. "मांगच्या साली एका सायबानं चावून घेतली."

दुपारी एका ओढ्याशी शिदोरी सोडली. त्यांच्या घरच्या पातोड्या (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतल्या. पुढे हद्दीचा पहिला दगड दिसला. चुना फासलेला, कंबरभर उंच, वर एक आकडा. पैनगंगा नदीपलीकडे मोगलाई (इथले लोक निजामाच्या राज्याला असंच म्हणतात). मी मोठ्या आस्थेनं चित्र काढलं. दुसरा दगड अगदी तसाच निघाला, तिसराही. चौथ्यापाशी मी पेटी उघडलीच नाही.

नदीच्या अलीकडच्या गावात रस्त्याचं काम चाललं होतं. मजूर पहारी टेकून उभे होते आणि मधोमध, उखडून आडव्या पडलेल्या एका लांब दगडावर एक म्हातारी मांडी घालून बसली होती. तिचं नाव सोनाबाई.

"बुढीमाय, उठ आता," मुकादम विनवत होता. "रस्त्याखालच्या मोरीले दगड पायजे."

"माह्या घरचा मानूस हाय हा. त्याले मोरीत घालतं?"

मी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. फार पूर्वी नदीपलीकडून घोडेस्वार आले, गावची गुरं हाकून निघाले. तिच्या सासरचा मूळपुरुष एकटा त्यांना आडवा गेला. "तलवार कुठून आनन तो? गुराखी मानूस. हाती काठी होती. अन् त्याचं कुत्रं होतं संग. दोघंही तिथंच पडले, पन गुरं वापस आली."

"पाहा मास्तर," मुकादम वैतागून म्हणाला, "आजवर या दगडावर चांदसूर्याबिगर कोनाले काही दिसलं नाई. मले वरून हुकूम हाय. इथं मानूस दाखवा, मी थांबतो."

दगडाचा खालचा अर्धा भाग आजवर जमिनीत होता. त्यावर काळ्या मातीचा जाड थर बसला होता. मी सोनाबाईंना उठायची विनंती केली.

"तुमी नेनार तं नाई?"

"नाही. फक्त पाहतो."

रहिमानभाईंनी नदीचं पाणी आणलं. दगड धुतला, पण झिजलेल्या कोरीवकामातून नीट काही उमगेना. मग मी त्यावर कागद अंथरला, मजुरांच्या चुलीतला कोळसा घेतला आणि हलक्या हातानं घासू लागलो. आधी शिंगं उमटली. मग गाईंची रांग. मग दोन घोडे. मजूर जवळ सरकले. घोड्यांसमोर एक माणूस पाय रोवून उभा होता, हातात सरळ काठी. त्याच्या पायाशी अजून काहीतरी होतं. शेपटी वर, तोंड घोड्यांकडे.

"कुत्रं!" मुकादमच ओरडला. मग सोनाबाईंकडे वळला. "तू हे कधी पाह्यलं होतं?"

"कधीच नाई. मले सासूनं सांगतलं, तिले तिच्या सासूनं."

मुकादमानं डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं. मग मजुरांना म्हणाला, "उचला रे. रस्त्याच्या पलीकडं उभा करा. गाडा, पन वरवर. कुत्रं दिसलं पायजे." मोरीसाठी नाल्यातला दुसरा दगड शोधायला तो स्वतः गेला.

सोनाबाईंनी कागदावरून बोट फिरवलं. त्यांची लेक नदीपलीकडे मोगलाईत दिलेली होती. तिच्यासाठी एक कागद मागितला. मी आणखी दोन काढले, एक त्यांना आणि एक लेकीला.

परतीच्या गाडीत माझ्याजवळ हद्दीच्या तीन दगडांची चित्रं आणि कोळशानं माखलेला एक कागद होता. पंधरा वर्षं मी मुलांना कुंडी आणि फुलदाणी काढायला शिकवली. पण रेघ उमटताना इतकी माणसं श्वास रोखून उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यात माझी कारागिरी काहीच नव्हती. चित्र त्या घरच्या सासवा-सुनांनी सांभाळलं होतं, न पाहता. वाशीमला परतल्यावर मेहुण्यांनी विचारलं, हद्द पाहिली का? मी हो म्हणालो, आणि त्यांना गुराख्याची गोष्ट सांगायला बसलो.