कानातला खोकला

माझा स्वभाव तापट. तोंड तर त्याहून तिखट. पण त्या दिवशी मार्गासनीहून भोरपर्यंत बैलगाडीत मी अवाक्षर बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं की खोकला यायचा, आणि खोकला आला की सासूबाई माझ्या लेकीचं तोंड पदरानं झाकायच्या.

गाडीत माझं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. भोरच्या डॉक्टरांनी क्षय म्हटलं, की मी परस्पर भोंगवलीला माहेरी जायचं आणि माझी आठ महिन्यांची पोर सासूबाईंबरोबर मार्गासनीला परत, असं घरात ठरलं होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मीच हट्ट धरला म्हणून निदान डॉक्टरांना दाखवायला घरचे कबूल झाले, नाहीतर गाडी थेट भोंगवलीलाच लागायची.

खोकला भातलावणीपासूनचा. कोरडा, ठसका लागल्यासारखा. भात कापून, झोडून झाला तरी जाईना. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, देवऋषी झाला. मग कुणीतरी ‘खय’ हा शब्द काढला आणि घरात माझं ताट वेगळं झालं. पोर अंगावरून तोडली त्याला त्या दिवशी दहा दिवस झाले होते. वाटीनं शेळीचं दूध पाजत होत्या सासूबाई. गाडीत ती भुकेनं रडायला लागली तशी माझी चोळी भिजली. हात पुढे केले तर सासूबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या. मालक बैलांच्या शेपट्या पिरगाळत राहिले. इतका संताप आला होता ना त्या माणसाचा!

डॉक्टर म्हातारे, शांत. नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली. ताप येतो का, रक्त पडतं का, वजन उतरलं का? सगळ्याला नाही.

“छाती मला स्वच्छ वाटते,” ते म्हणाले. “पण इतके महिने खोकला म्हणजे... पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढून घ्या.” आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

“म्हंजी खयच की!” सासूबाई उठल्याच. “आमच्या घरात न्हाई कुणाला असलं. माहेरचं दुखणं आणलंया हिनं.”

माझं डोकं फिरलं. राग आला की डाव्या कानात करंगळी घालून खाजवायची खोड मला तेव्हा लागली होती. तशी घातली, आणि खोकल्याची उबळ आली.

डॉक्टरांचा टाक थांबला. “बाई, करंगळी परत घाला बघू कानात.”

मला वाटलं, चेष्टा करतात. घातली. पुन्हा उबळ. त्यांनी कपाळावर गोल आरसा बांधला, मला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि उजव्या कानात काडी फिरवली. काही नाही. डाव्या कानात नुसती टेकवली, तर खोकून खोकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“कानाला दडा बसलाय का?”

“लई दिस झालं. पण कानाचं काय एवढं!” मी म्हणाले.

“कानाचंच आहे सगळं,” ते म्हणाले. “मेंदूतून एक लांब शीर निघते. घसा, फुफ्फुस, पार पोटापर्यंत जाते. भाटघरच्या धरणाच्या कालव्याला चारी फुटते ना, तसा तिचा एक बारीक फाटा कानाच्या भोकात येतो. तिथं काही टोचलं की मेंदूला वाटतं, घशातच अडकलंय.”

आत त्यांना कापूस दिसत होता. पाणी मारायचं नाही म्हणाले, कापसात दाणा असला तर फुगून बसेल. आकड्यानंच ओढायचं. “आता नीट ऐका. कापसाच्या मागं पडदा आहे. पडद्यामागं तीन इवलीशी हाडं, आणि त्यांना लागूनच चेहऱ्याची शीर जाते. आकडा आत असताना खोकलात, तर कान जाईल. जास्त लागलं तर तोंड वाकडं होईल. खोकायचं नाही. अजिबात.” मग सासूबाईंकडे वळून, “तुम्ही डोकं धरा.”

पोर मालकांच्या हातात गेली. दहा दिवस मला न शिवलेले सासूबाईंचे हात माझ्या दोन्ही बाजूंनी आले.

आकडा आत टेकला आणि घशात आग पेटली. मी दात आवळले, गिळलं, परत गिळलं. तेवढ्यात पोरीनं टाहो फोडला. सगळं अंग तिच्याकडे ओढत होतं, आणि मान तसूभर हलवायची नव्हती. “दम धर गं बाय, दम धर,” सासूबाई पुटपुटत होत्या.

निघालं. डॉक्टरांनी बशीत टाकलं आणि मी पहिल्यांदा वास ओळखला. लसूण! कापसात गुंडाळलेली, काळी पडून आवळलेली पाकळी, आणि तिला तुटक्या दोऱ्याचं टोक.

लावणीच्या गार वाऱ्यात माझा कान ठणकला, तेव्हा सासूबाईंनीच मायेनं ती घातली होती. ओढून काढायला दोरा ठेवला होता. संध्याकाळी दोरा दिसेना, तेव्हा म्हणाल्या, “पडली असंल कुठं चिखलात.”

“कुणी घातलं हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“ह्यांनी!” मी सासूबाईंकडे बोट करून म्हणाले. झाकणं माझ्या स्वभावातच नाही.

सासूबाईंनी पोर आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी तिथंच पदराखाली घेतली. पण पोरीनं तोंड फिरवलं आणि दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले. दहा दिवसांत ती मला विसरली होती. काळीज फाटलं माझं.

गाडीत बसताना सासूबाई खालीच थांबल्या. “म्या दिसले की ती माझ्याकडंच झेपावंल. तुमी व्हा म्होरं. म्या मागनं चालते.”

भाटघर येईस्तोवर पोर रडली, दमली आणि मग तिनं माझं दूध घेतलं. मागं धुळीत सासूबाई अनवाणी चालत होत्या, मान खाली घालून. त्यांना गाडीत बोलवायला एक हाक पुरली असती. मला दोन्ही कानांनी त्यांची पावलं ऐकू येत होती, आणि मी हाक मारली नाही.