दामलेबाईंचा ब्रेक

कोथरूडमध्ये ज्यांना गाडी येते त्यांतल्या निम्म्यांना ती वासंती दामले यांनी शिकवली. उरलेल्यांना कुणीच शिकवलेली नाही, हे चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. मी पहिल्या निम्म्यातला. एकवीस दिवसांचा कोर्स मी दोनदा केला. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या सोसायटीसमोर रिक्षा स्टँड आहे ना? मग कशाला हट्ट?" तेव्हापासून आमचं चांगलं जमतं.

क्लासच्या पाटीवर त्यांनी रंगवून घेतलंय: 'गाडी चालवता कुणालाही येते. थांबवता आली पाहिजे.' शिकवणीच्या गाडीला डावीकडेही एक ब्रेक असतो. सव्वीस वर्षं बाई त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्या आहेत. सकाळी सहाला पहिला विद्यार्थी त्यांना दारातून घेऊन जातो, संध्याकाळी शेवटचा दारात आणून सोडतो. पेट्रोल भरायलासुद्धा त्या कधी स्वतः गाडी नेत नाहीत, कारण पेट्रोल पंप हा चौथ्या दिवसाचा धडा आहे.

परवा चहा पिताना त्या एकदम म्हणाल्या, "एक सांगू? हसू नका. लायसन्स काढल्यापासून मी उजवीकडे बसलेलीच नाही. पुढच्या महिन्यात साठ पूर्ण होतील. मला गाडी येते की नाही, हे माझं मलाच माहीत नाही."

मी हसलो. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि कप खाली ठेवला. त्या खरोखर घाबरल्या होत्या.

उपाय निघाला तो शौनककडून. शौनक हा बाईंचा जुना विद्यार्थी, हिंजवडीत नोकरीला. त्याने हौसेने एक लालभडक, दोनच सीटची स्पोर्ट्‌स कार घेतली आहे. ती इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आंघोळीच्या पाटावर बसल्यासारखं वाटतं. रविवारी सकाळी हिंजवडीच्या पलीकडे एका मोकळ्या मैदानावर ऑटोक्रॉस असते, तिथे तो जातो. वाहतूक पोलीस ठेवतात तसले नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. कोन पाडला की वेळेत पाच सेकंद वाढतात. शेवटी आखलेल्या चौकोनात गाडी थांबवायची, नाही थांबली तर फेरी बाद. हिंजवडीत तिसरा गिअर पडू शकेल अशी ही एकमेव जागा असावी.

"मॅडम, नवशिक्यांना दोन फेऱ्या देतात. मी शेजारी बसेन," शौनक म्हणाला.

"तुझ्या बाजूला ब्रेक आहे?"

"नाही."

"मग तुझा उपयोग काय?" बाई म्हणाल्या, पण गेल्या. मीही गेलो, रविवारी मला दुसरं काय काम?

तिथली व्यवस्था उत्कर्षा नावाच्या मुलीकडे होती. गाडीत सुटी वस्तू नको म्हणून तिने बाईंची छत्री, पर्स, पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा बाहेर काढायला लावला. मग हेल्मेट आलं. कोथरूडकराला हेल्मेट घालायला लावणं भल्याभल्यांना जमलेलं नाही. बाईंनी अंबाडा सोडला, वेणी घातली आणि हेल्मेट चढवलं. "बरं दिसतं का?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. खोटं बोललो.

पहिली फेरी मी जन्मात विसरणार नाही. बाईंनी आरसे नीट केले, हॉर्न वाजवला आणि निघाल्या. प्रत्येक कोनाला इंडिकेटर. डावा, उजवा, डावा, उजवा. मोठ्या वळणाआधी त्या पूर्ण थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं, कुणी येत नाही याची खात्री केली. बाकीच्यांना पन्नास-पंचावन्न सेकंद लागत होते. बाईंना तीन मिनिटं अकरा सेकंद लागली. तेवढ्यात उत्कर्षाची पोह्यांची बशी खाऊन झाली. कोन मात्र एकही पडला नाही आणि चौकोनात गाडी अशी थांबली की कुणीही टाळ्या वाजवाव्यात. कुणी वाजवल्या नाहीत, कारण बहुतेक लोक चहाला गेले होते.

बाई उतरल्या त्या रडवेल्या होऊन. "चालवली कुठे मी? सगळा वेळ पाय ब्रेकवरच होता. येत नाही मला."

मी त्यांची पाण्याची बाटली पुढे केली. शौनक म्हणाला, "मॅडम, खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल, जिथे जायचंय तिकडे बघा, हे मला कोणी शिकवलं? तुम्ही नुसत्या कोनांकडे बघत होतात."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याकडून ऐकणं शिक्षकाला फार जड जातं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "बस आत."

दुसऱ्या फेरीला हॉर्न वाजला नाही. गाडी सुटली तेव्हा धूळ उडाली आणि माझा चहा सांडला. पहिले चार कोन बाईंनी नागमोडी मागे टाकले, पाचवा पाडला, सहावा गाडीखाली घेऊन थोडा वेळ सोबत नेला. मोठं वळण त्यांनी न थांबता घेतलं. खिडकीतून शौनकचा आवाज मैदानभर ऐकू आला, "ब्रेक! मॅडम, ब्रेक!" आणि पाठोपाठ बाईंचा, सव्वीस वर्षं मुरलेला, शांत आवाज, "पाय वर घे, शौनक. ओरडायचं नाही. मी आहे ना."

शेवटचा चौकोन आला आणि गेला. गाडी तशीच पुढे वडापावच्या गाडीकडे निघाली. वडापाववाल्याने दोन्ही हात वर केले. बाईंनी मैदानाला एक मोठा वळसा घातला, अगदी रमतगमत, आणि मग कुठे थांबल्या. एवढ्यातही इंडिकेटर दिलेला होता.

शौनक उतरला तो उजवा पाय चोळतच. सबंध फेरीभर तो नसलेला ब्रेक दाबत होता. बाई मात्र आतच बसून होत्या. मी धावत गेलो. हेल्मेटमधून त्यांचे डोळे चमकत होते.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी ब्रेक विसरले!"

माझे डोळे भरून आले. पुण्याचा असल्यामुळे मी ते धुळीवर ढकललं.

उत्कर्षाने दिलेल्या निकालाच्या कागदावर बाईंचं नाव सर्वांत शेवटी आहे आणि पुढे शेरा आहे: 'चौकोनात थांबल्या नाहीत. फेरी बाद.' तो कागद फ्रेम करून त्यांनी क्लासमध्ये लावला आहे, बरोबर त्या पाटीच्या खाली. काल एका नव्या मुलीने तो वाचला आणि जरा घाबरून विचारलं, "मॅडम, हे कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या आणि गाडीची किल्ली तिच्या हातात न देता स्वतःच्या मुठीत धरली. "आज तू डावीकडे बस. पेट्रोल भरून आणू."